शनिवारी भोकं पाडणार आहेत

हॅलो?

हॅलो… कोण? मोठ्यानं बोल, इथे सायरन चालू आहेत, काही ऐकू येत नाही…

अदेर? अदेर दिरिये, तूच ना? या अल्ला… कुजबुजतोयस का असा? लागलंय का तुला?

नाही नाही, ठेवू नकोस! फोन ठेवू नकोस. फिल्सन बोलतेय मी. हो, आदनची फिल्सन, तुझ्या भावाची लेक. बोल, ऐकतेय.

काय करू?

पोलिसांना बोलावू?

…

अदेर, ऐक. पोलीस आलेत. हो, आधीच. सगळं पार्किंग भरलंय त्यांच्या गाड्यांनी. मी त्यांच्यातच उभी आहे, बाजाराच्या मागच्या दारासमोर, बर्फात. तुझ्या दुकानाची पाटी दिसतेय मला इथून.

नाही… त्या तोंडं झाकलेल्या, बंदूकवाल्या चौघांना धरायला नाही आलेत.

तुला धरायला आलेत.

…

हसू नकोस. असा हसू नकोस रे, भीती वाटते मला.

मटणाच्या कोल्ड रूममध्ये आहेस ना? आतून खिट्टी लावलीयस? बरं. आणि सत्तूर? … हातात. बरं, बरं. नाही, नुसतं विचारलं.

बाळ आहे ते. पोटाशी बांधलंय, कोटाच्या आत. गप हूयो, गप, गप… हं, बोल.

ऐक ना आधी माझं. ती माणसं खरी नव्हती. म्हणजे माणसं खरी, हल्ला खोटा. बंदुकीत गोळीच नव्हती, नुसता बार. फटाक्यासारखा. … वेडी नाही झालेय मी. … नाही, कोणी पढवून फोनवर उभं केलेलं नाही. तूच मला फोन केलास ना आत्ता? मग?

…

हमदी मेली नाहीये.

नाही मेली म्हणते ना! तू काय पाहिलंस ते माहीत आहे मला. ओढण्यांच्या दुकानापुढे पडली होती, मान लालभडक, डोळे सताड उघडे. ते सरबत होतं, अदेर. साखरेचा पाक आणि लाल रंग. बाटलीतून ओतलं तिच्या मानेवर. डोळे उघडे ठेव म्हणून तिला सांगितलं होतं, तिनं ठेवले. तुझ्या लेकीनं मेल्याचं सोंग घेतलं होतं.

तुला विचारलं असतं तर जाऊ दिलं असतंस? मग? म्हणून नाही विचारलं तिनं.

इथेच आहे ती, माझ्या बाजूला, ब्लँकेट गुंडाळून. देते तिला. हमदी, घे. बोल आबोशी, बापाशी… अगं बोल ना… नुसती रडू नको गं, शब्द बोल काहीतरी! … दे, दे इकडे.

अदेर? ऐकलास ना आवाज? तिचाच होता ना?

…

नाही. नाही, अदेर, तिच्या गळ्याला कोणी सुरी लावलेली नाही. माझ्याही नाही. थंडीनं दात वाजतायत तिचे. आणि घाबरलीय. तुला घाबरलीय. ती उठून बसली तेव्हा तुझी पाठ होती तिच्याकडे, तू त्या माणसावर…

बरं. नाही काढत.

माहीत आहे. माहीत आहे रे मला. माझ्या आबोनं सांगितलंय बायदोआचं, तिकडच्या युद्धातलं. तू परसात कातड्यांच्या ढिगाखाली होतास. आणि तुझी बायको, सहरा, गळ्याला सुरी लावलेली, अंगणातून हाका मारत होती, बाहेर या, काही नाही, आपलीच माणसं आहेत. … हो. अगदी गोड आवाजात. … आणि मुलं गेली बाहेर. दोन्ही.

… नको सांगूस, मला ठाऊक आहे पुढचं. … बरं, सांग. सांग, ऐकते.

…

धाकट्याची चप्पल. हं.

म्हणून तुला आता कोणाचा गोड आवाज नको. कळतं मला. मग मी नाही गोड बोलत. तीनबोट्या म्हातारा आहेस तू. बहिरा, हेकट, शेळीचं मटण सांगून मेंढीचं बांधून देणारा. ईदच्या दिवशी रांगेतल्या बायकांवर खेकसणारा. सबंध बाजारात तुझ्या तोंडाला लागायला कोणी धजत नाही. … हां. हे हसणं बरं आहे. असाच हस.

धर जरा. हो सर? … तोच आहे. हो, फोनवर. … ओलीस? नाही हो, ओलीस कुठला! त्यानं कोणालाही डांबलेलं नाही. आत एक म्हातारी आहे, एद्दो बिलन, पंचाहत्तरची, तिला गुडघ्यांनी पळता येईना म्हणून त्यानं तिला आत ओढून घेतलं. वाचवायला. … कोणापासून म्हणजे? तुम्ही पाठवलेल्या लोकांपासून. … कबूल, तुम्ही नाही पाठवले. पण पाठवले ना कोणीतरी?

अदेर, सार्जंट होता. विचारतोय, तू कोणाला धरून ठेवलंयस का. सांगितलं मी.

एद्दो काय करतेय? … आता थंडी वाजत नाही म्हणते? वाजायची थांबली? अदेर, ते वाईट असतं रे, थंडी वाजायची थांबली की वाईट. तुझा कोट घाल तिला. … घातलास. मग तुझ्या अंगावर? … नुसता सदरा. आणि तोही ओला. कशानं ओला?

… हं. नको सांगूस.

का म्हणून काय? … बंदुकीचा खेळ कोण खेळतं ते मला नको विचारू. खेळ नव्हताच तो. संशोधन होतं. … संशोधन, अदेर. अभ्यास. वॉशिंग्टनहून सरकार पैसे देतं त्यासाठी, देश आतून सुरक्षित राहावा म्हणून. … हो, बारांनासुद्धा. सरबतालाही, हमदीच्या मनगटावरच्या पट्ट्यालाही. विद्यापीठातल्या बाईंना तीन वर्षांचं अनुदान मिळालंय. त्या उंच, पिंगट केसांच्या, तुझ्याकडून खिमा नेला होता आणि मोडक्या सोमालीत तुला शुक्रवारच्या शुभेच्छा दिल्या होत्या मंगळवारी… हां, त्याच.

त्यांना मोजायचं होतं. उद्या खरंच कोणी बंदूक घेऊन बाजारात घुसलं, तर आपली वस्ती किती तग धरते, किती वेळात सावरते, कोण कोणाला सावरतं. पट्ट्यावर काळजाचे ठोके मोजतात. मग संध्याकाळी प्रश्न विचारणार होते. शेजाऱ्यावर तुमचा किती विश्वास आहे, एक ते पाच.

… हो. एक ते पाच.

मला त्यांनी प्रश्नांचं तेवढंच सांगितलं होतं, तेव्हा अगदी हेच म्हटलं होतं मी त्यांना! निर्वासितांच्या छावणीत पंधरा वर्षं काढली आमच्या लोकांनी, तिथेच येऊन मोजायचं होतंत, म्हटलं, एव्हाना उत्तर मिळालं असतं. हसल्या त्या. वहीत लिहूनही घेतलं.

नाही, आता नाही हसत. बर्फात फतकल मारून बसल्यात. एका पायात बूट नाही. मघापासून एकच वाक्य बोलतायत, पत्रक लावलं होतं, पत्रक लावलं होतं.

…

हो, लावलं होतं ना. तुझ्याच दुकानाच्या काचेवर. पिवळं. तूच चिकटपट्टी दिलीस. … बरोबर, सगळ्यांनी वाचलं. मग काय लिहिलं होतं सांग बरं.

हं. शनिवारी सकाळी दहा वाजता इथे भोकं पाडायचं काम होईल. मोठा आवाज होईल. घाबरू नये.

म्हणूनच कोणी घरी थांबलं नाही. पाडू देत भोकं, आपण चहा पिऊ. पोरंसोरं घेऊन आले सगळे.

अदेर, ते मी लिहिलं होतं.

मी. इंग्रजीतून आपल्या भाषेत मीच केलं ते. … नाही, ऐक, मला बोलू दे, परत धीर होणार नाही. त्यांनी मला एक्सेलच्या चौकटीत नुसते शब्द पाठवले, एकाखाली एक. शनिवार. सकाळी दहा. ड्रिल. मोठा आवाज. घाबरू नये. मागचं पुढचं काही नाही. आणि इंग्रजीत ड्रिल म्हणजे कवायतही, आणि भिंतीला भोक पाडायचं यंत्रही. वरच्या मजल्यावर तेव्हा तेच यंत्र दिवसभर घुर्रर्र करायचं, माझ्या डोक्यात तेच बसलेलं. बाळ अंगावर पीत होतं, चावत होतं, मी एका हातानं भराभर लिहून पाठवलं. खोट्या हल्ल्याची कवायत, एवढंच लिहायचं होतं. मी भोकं लिहिलं. त्यांनी सगळं जोडून छापलं. त्यांना आपली लिपी वाचता येते, अर्थ नाही कळत.

बोल ना. शिव्या दे मला.

… अदेर, अशी समजूत नको घालूस माझी. तू नको घालूस.

कोण? तो बंदूकवाला? … खांद्यावर बसला पहिला घाव. हो, पाहिलं मी. मी जिन्यात होते, बाळाला शाल गुंडाळत होते. तू काउंटरवरून उडी मारून आलास, ह्या वयात. सबंध फरशी…

काय ओरडत होता तो?

…

इंग्रजीत ओरडत होता. तुला खरंच जाणून घ्यायचंय? … खोटं आहे, म्हणत होता. खोटं आहे, खोटं आहे. बंदूक टाकून दिली होती त्यानं. दोन्ही हात वर केले होते. … हो. आणि मग तू दुसरा घातलास. मानेवर.

अदेर? … अदेर, श्वास घे.

थांब, सार्जंट बोलावतोय, फोन चालूच आहे, जाऊ नकोस कुठे. हो सर. … दहा मिनिटं? दहा मिनिटांत त्याला काय… नाही, दार फोडू नका! तो दारामागेच उभा आहे. … सत्तूर हातात आहे त्याच्या, खोटं नाही सांगत मी. पण तो… ऐका ना, त्याला तुमचा एक शब्द कळत नाही, तुम्ही आत जाऊन ओरडाल आणि तो…

… हो. समजलं. दिसलं तर गोळी. समजलं.

अदेर, चार पोलिसांनी लोखंडी ओंडका आणलाय. दहा मिनिटांत दार फोडतील. आणि ह्यांच्या बंदुका खऱ्या आहेत. तू सत्तूर घेऊन दिसलास की चाळणी करतील तुझी, एद्दो मधे आली तर तिचीही. तेव्हा तूच बाहेर ये. आपल्या पायांनी ये.

… माझ्यावर का नाही विश्वास? मी तुला फसवेन? … हो, सहरालाही नव्हतं फसवायचं. हो रे बाबा. पण आता…

एक सेकंद. काय झालं सर? … वायरलेसवर काय म्हणाले?

…

कधी?

…

गाडीतच.

… नाही, ठीक आहे मी. … मी काय सांगायचं त्याला? … शस्त्रक्रिया चालू आहे. वाचेल म्हणतायत. … हो, ऐकलं. ऐकलं मी.

अदेर. आहे, आहे. इथेच आहे.

… काय?

तो माणूस.

तो माणूस कसा आहे विचारतोयस.

…

गप हूयो… झालं, झालं, आता जाऊ घरी…

अदेर, मला असं सांगायला लावलंय की डॉक्टर त्याला शिवतायत. वाचेल. तू बाहेर आलास की सगळं निभावेल.

तो मेला.

आत्ता, गाडीत. दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही. मानेतून सगळं रक्त गेलं.

… सर, दंड सोडा माझा. सोडा! बाळ आहे आत. काय बोलले ते बोलले. माझ्या भाषेत काय बोलायचं ते माझं मी बघेन.

अदेर?

अदेर, आहेस का?

… काय म्हणालास? परत बोल, आवाज तुटतोय.

… नाही. कोणी नाही पढवलं. … हो. खरं आहे. गळ्याला सुरी असलेलं माणूस असं नाही सांगत. … पटलं ना आता? मी मोकळी आहे. हमदीही. हमदी ब्लँकेटमध्ये आहे, नाक गळतंय तिचं, तुझ्यासारखंच मोठं नाक.

तो कसला आवाज? अदेर! डोकं आपटू नकोस! एद्दो… एद्दो बिलन, ऐकू येतंय का? धरा त्याला!

सत्तूर कुठे आहे? … कुठे लावलायस? अदेर, मनगटावरून काढ. काढ ते. आधीच एक घर रिकामं केलंस, आता हमदीचं करू नकोस. ऐकतोयस? तिनं आज तुला माणूस तोडताना पाहिलंय, तेवढं पुरे आहे तिला…

हे काय होतं? … थोबाडीत? कोणी, एद्दोनं? … सत्तूर हिसकावला? एद्दोनं? त्या गुडघ्यांनी? … बरं केलं. अजून एक मारायला सांग माझ्या वतीनं.

रड. रड तू. दोन मिनिटं आहेत आपल्याकडे, रड.

…

नाव? … कोल. कोल होतं त्याचं नाव. गावच्या आगीच्या बंबावर होता, शनिवार मोकळा म्हणून आला होता. … नाही, लेकरं नाहीत.

बापाचं? थांब, विचारते. सर, त्या कोलच्या वडिलांचं नाव काय? … मला नको, त्याला हवंय. … ते नंतर सांगते, आधी नाव सांगा. … डेल. आणि डेलच्या वडिलांचं? … सर, तुम्ही गावचेच ना, आठवून बघा. … रॉय.

कोल डेल रॉय. घे. … हो, आपल्यासारखंच म्हण. कोल, डेलचा, रॉयच्या घरचा.

… जाऊ की. माझा आबो येईल, चार म्हातारे येतील, मी बोलायला येईन. … दार उघडतील की कुत्रं सोडतील, मला नाही माहीत, अदेर. पण दारात उभं राहायला तू तरी हवास ना? तुझ्या वतीनं तुझं प्रेत नेऊ का?

मग असं कर. सत्तूर कुठे आहे? एद्दोकडे? तिला म्हणावं, मांसाच्या खोक्यामागे टाक, हाताला लागणार नाही असा. … टाकला? आता सदरा काढ. माहीत आहे थंडी आहे. काढ, म्हणजे त्यांना दिसेल कमरेला काही नाही. फोन पायजम्याच्या खिशात टाक, बंद करू नकोस. हात डोक्याच्या वर. दोन्ही. तीन बोटांचासुद्धा. पसरून धर.

एद्दो आधी. ती हळूच येईल, येऊ दे. मग तू. कोणी ओरडलं तर पळू नकोस. खाली ढकलतील, पडायचं. नाक फुटेल, फुटू दे. हात मात्र आवळू नकोस, खिशाकडे नेऊ नकोस, बाळा, कळलं ना? … हो, बाळाच म्हणाले तुला. चालतं आज.

सर! येतोय तो! एद्दो आधी, मग तो. उघडा आहे कमरेच्या वर, हात वर आहेत. रक्त त्याचं नाही. सगळ्यांना सांगा ना, रक्त त्याचं नाही, हातात काही नाही, सांगा त्यांना!

अदेर, काढ खिट्टी.

…

आली एद्दो. दिसली मला. गुंडाळलं तिला. आता तू. ये. ये, मी बघतेय…

हात वर! त्याला नाही कळत तुमचं, मी ओरडते, अदेर, गुडघ्यावर! गुडघ्यावर बस! बस रे…

अरे तो बसतोय, कशाला मारताय! तो बसतोय!

…

अदेर?

हॅलो? … हॅलो?

… हो. मीच दुभाषी. त्याच्याच फोनवर बोलतेय मी, तुम्ही कोण? … बरं साहेब. हो, मी त्याची पुतणीही आहे.

काय बडबडतोय? थांबा, फोन त्याच्या तोंडाशी धरा.

…

कोल डेल, कोल डेल म्हणतोय.

नाही! धमकी नाही. … मेलेल्याच्या बापाचं नाव घेतोय म्हणून धमकी? … त्याला जायचंय त्यांच्याकडे. … मारायला नाही हो! कोणी कोणाला मारायला नाही जात आहे. आमच्यात ज्याच्या हातून माणूस गेलं, त्यानं आधी त्याच्या बापाचं, आजाचं नाव विचारायचं असतं, आणि जाऊन त्यांच्यापुढे उभं राहायचं असतं. नाव न विचारता मारलं तर ते कुत्र्याला मारल्यासारखं. म्हणून घोकतोय तो. विसरू नये म्हणून. … 'कुटुंबाचा माग काढणार' असं लिहिलंत? खोडा ते. खोडा, मी सांगते तसं लिहा.

… काय म्हणतोय आता? परत धरा बरं.

कोल डेल… आणि पुढे घरघर.

साहेब, तुमचा गुडघा कुठे आहे?

मी विचारतेय, गुडघा कुठे आहे तुमचा?

काढा. … मला नियम नका सांगू, हात बांधलेत ना त्याचे? मग काढा. तीन नावं आहेत ती, त्याची दोनच होतायत. तिसऱ्याला श्वास पुरत नाहीये त्याला. … काढा. फोन तिथेच राहू दे. मी ऐकतेय.

…

…

हं.

रॉय म्हणाला.

ठेवते.